इंदुरात चार दिवस, शेंगदाण्याशिवाय

माझी आत्या 1969 साली लग्न होऊन दादरहून इंदूरला गेली. दिवाळीच्या आधी तिचा पाय घसरला, हाड वाचलं, पण फोनवर आवाज जरा उतरलेला वाटला. म्हटलं, जाऊन भेटून यावं. डिसेंबरातले चार दिवस काढले. नवरा बरोबर होताच. त्याला साखर आहे, त्यामुळे त्याच्या बॅगेत शर्टांच्या आधी ग्लुकोमीटर गेला. इंदूरला ग्लुकोमीटर नेणं म्हणजे लग्नघरी वजनकाटा नेण्यासारखं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिला दिवस, सोमवार

बोरिवलीहून रात्री अवंतिका एक्सप्रेस पकडली, सकाळी इंदूर. स्टेशनबाहेर आल्यावर गारठा नाकाला लागला. आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडी घेऊन आला होता. राजेंद्रनगरला पोचेपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "ट्रेनमध्ये काही खाल्लं तर नाही नं?"

राजेंद्रनगर म्हणजे इंदुरातली मराठी वस्ती. फाटकांवर कुलकर्णी, दिघे, पुराणिक अशा पाट्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात शुद्ध माळवी हिंदी. होळकरांच्या मागोमाग आलेली आणि नंतर नोकरीधंद्याला आलेली मराठी माणसं इथे इतकी मुरलीत, की त्यांच्या मराठीलाही इथलीच फोडणी बसलीय. वहिनी दारातच म्हणाल्या, "सामान इकडे ठेवून द्या, पोहे ठंडे होऊन राहिलेत."

पोहे दादाने येतानाच बांधून आणले होते, बरोबर जिलबी. ताट समोर आलं आणि नवऱ्याने चमच्याने इकडून तिकडून शोध घेतला. "शेंगदाणे?"

आत्या पलंगावरून हसली. मग तिने सांगितलेली गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिने सासरी पहिल्यांदा पोहे केले. दादरचे, भरपूर दाणे आणि ओलं खोबरं घालून. सासरे काही बोलले नाहीत. फक्त एकेक दाणा वेचून ताटाच्या कडेला ठेवत गेले. शेवटी ओळीने एकवीस दाणे. "मी मोजले होते," आत्या म्हणाली. "छप्पन वर्षं झाली, पण एकवीसच होते."

इंदुरी पोह्यांचा सगळा फरक वाफेत आहे. आपण कढईत फोडणी करून त्यात पोहे परततो. इथे भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर आधीच चोळतात, मोहरी-बडीशेपेची हलकी फोडणी देतात आणि परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून देतात. दुकानात हा पिवळा ढीग सकाळभर वाफेवर बसलेला असतो, म्हणून कोरडा पडत नाही आणि तेलही कमी लागतं. वरून शेव, कांदा, कोथिंबीर, कधी डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जीरावन. हा जीरावन म्हणजे भाजलेलं जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग वगैरेंचा मसाला. चव आंबट-खारट-खमंग. इंदूरकर तो कशावरही टाकतात. पेरूवर, काकडीवर, दादा तर टोस्टवरसुद्धा.

आणि मधे मधे जिलबीचा तुकडा. नवऱ्याने आधी "नको" म्हटलं. आत्या म्हणाली, "जावईबापू, ही गोड म्हणून नाही खायची. पोह्याचं तोंडीलावणं आहे." या युक्तिवादापुढे ग्लुकोमीटर बॅगेतच राहिला.

संध्याकाळी न्यू पलासियात छप्पन दुकान. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग, 2020 मध्ये नव्याने बांधली. मधे गाड्यांना बंदी, बसायला बाक, हात धुवायला नळ. सोय उत्तम, पण थोडं मॉलसारखं झालंय खरं. तरी तीन गोष्टींसाठी जाच.

पहिली, जॉनी हॉट डॉग. यात हॉट डॉगसारखं काहीही नाही, हे आधीच सांगते. गोल पाव, तव्यावर मस्त भाजलेला, आत बटाट्याची टिक्की, नाहीतर मटण. आमलेट घातलं की तो 'एग बेंजो'. तव्यासमोर उभं राहून, बोटं भाजत खायचा. दुसरी, विजय चाटचं खोपरा पॅटिस: बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण. आपल्या उपासाच्या पॅटिसाचा चुलतभाऊ, फक्त हा उपास करत नाही. तिसरी मधुरमची शिकंजी. दमलो होतो, नवरा म्हणाला, "मला फक्त शिकंजी, लिंबू जास्त." दादा गप्प राहिला. ग्लास आला तर आत घट्ट, पिवळसर, केशर-वेलचीचं, बदाम-पिस्ते घातलेलं आटीव दूध, त्याला मागून किंचित ताकाची आंबूस झाक. इंदुरात शिकंजी म्हणजे हेच. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास संपवला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: छप्पनला संध्याकाळी सहाच्या आत पोचा, नंतर उभं राहायला जागा नसते. आणि तिथे पोट भरू नका. तो आमचा पहिला दिवस होता, आम्ही भरलं.

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. वहिनी डबे घेऊन धावल्या. डबे किती? ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा, असे सहा प्रकार वेगळे. 2017 पासून हे शहर स्वच्छतेत देशात वरच्या पायरीवर का बसलंय, ते या गाडीमागे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. माझ्या हातात केळ्याची साल होती, ती मी जवळच्या कप्प्यात टाकली. गाडीवरच्या बाईंनी काही न बोलता ती उचलून दुसऱ्या कप्प्यात टाकली. वहिनींना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली. दादा म्हणाला, याच ओल्या कचऱ्यातून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस होतो; रोज 550 टन पचवायची ताकद आहे त्याची, आणि त्यावर शहरातल्या बस चालतात. "म्हणजे तू खाल्लेल्या कचोरीचा द्रोण बस चालवतो."

दहाच्या सुमाराला राजवाडा. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. मल्हारराव होळकरांच्या काळात, 1747 च्या सुमारास काम सुरू झालं. 1984 च्या दंगलीत आग लागून मोठा भाग गेला, नंतर पुन्हा उभा केला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. 2025 हे त्यांच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. दादा सांगत होता, मे महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच या वाड्यात भरली होती, तेव्हा अख्ख्या राजवाड्याला नवरीसारखं सजवलं होतं. आत्याच्या सासऱ्यांच्या पिढीत मात्र लोक 'मांसाहेब' म्हणायचे तेच अजून तिच्या तोंडी आहे. अहिल्याबाई असं ती म्हणतच नाही.

जवळच प्रशांतमध्ये उसळ पोहे. ही डिश म्हणजे इंदूर आणि महाराष्ट्र यांचं रीतसर लागलेलं लग्न. खाली वाफेवरचे पोहे, वर झणझणीत उसळ, तर्री, कांदा, शेव. मला मिसळ आठवत राहिली, पण पाव नाही, आणि पोह्यातली साखर तिखटाला अशी मधेच आडवी येते की डोळ्यांतलं पाणी थांबतं. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी आमचं मराठी ऐकून विचारलं, "पुण्याचे का?" बोरिवली म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. त्यांच्या आजोबांचं पुणं. ते स्वतः तिथे दोनदा गेलेत, दोन्ही वेळा लग्नाला. "तिथे पोहे खाल्ले," एवढंच म्हणाले आणि हाताने 'राहू द्या' अशी खूण केली.

दुपारी झोप. ही सूचना समजा: सराफ्याला जायचं असेल तर दुपारी झोपाच, आणि रात्रीचं जेवण विसरा.

सराफा. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, रात्री आठ-नऊला शटर पडलं की त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर खाण्याचे गाडे लागतात आणि रात्री दोनपर्यंत गल्ली जागी राहते. रात्री वर्दळ राहिली की पेढ्यांना राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच खाणेवाल्यांना बसू दिलं, असं सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा एक दुकान बंद होत होतं. एक माणूस उंबरठ्यापुढची धूळ बारीक कुंच्याने गोळा करून पिशवीत भरत होता. दादा म्हणाला, न्यारिया. धुळीतले सोन्याचे कण काढतात हे लोक. त्याच्या पाठीमागे एकाने तेलात पहिला घाणा सोडला.

आत्या आली होती, हे सांगायचं राहिलं. पाय दुखावलेला, वय सत्त्याहत्तर, थंडी दहा-अकरा अंश. घरात सगळे नको म्हणत होते. ती शाल पांघरून गाडीत आधी जाऊन बसली. एका ओळखीच्या पेढीच्या मुनीमजींनी ओट्यावर गादीचा तुकडा टाकून दिला. तिथे बसून तिने आम्हाला चारी दिशांना पिटाळलं. "तू गराडू आण. जावईबापू, तुम्ही कीस. दादा, भीड व्हायच्या आत जोशी."

गराडू हिवाळ्यातच मिळतो. जमिनीखालचा कंद, आपल्या कोनफळाच्या नात्यातला, आतून पांढरा. सोलताना हात खाजतात म्हणून घरी करायचा लोकांना कंटाळा. तुकडे एकदा तळून ठेवलेले असतात. मागणी आली की पुन्हा कडकडीत तेलात. बाहेर बिस्किटासारखं कवच, आत लोण्यासारखं मऊ. त्यावर लिंबू आणि मसाला. चौघांत एक द्रोण घेतला, मग दुसरा, मग तिसऱ्याला कुणी काही बोललंच नाही.

भुट्ट्याचा कीस मला सगळ्यात जास्त आवडला. मक्याची कणसं किसायची, तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस परतायचा आणि दूध घालून शिजवत राहायचा. मोठ्या कढईत तो लापशीसारखा फदफदत असतो. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. गोडाचा आहे की तिखटाचा, हे जिभेला शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

साबुदाण्याची खिचडी बघून मात्र मी वाद घातला. इथे साबुदाणाही वाफेवर! पांढराशुभ्र मोकळा साबुदाणा मोठ्या पातेल्यात, आणि मागणी आली की वाडग्यात घेऊन मसाला, मिरची, लिंबू, बटाट्याची सळी, फराळी मिक्स्चर घालून खालीवर करून देतात. तूप-जिऱ्याची फोडणी नाही, दाण्याचं कूट नाही. मी म्हटलं, "ही खिचडी नाही, ही भेळ आहे." विकणारा म्हणाला, "तो भेल समझ के खा लो, दीदी." खाल्ली. वाईट नव्हती, पण मत बदललेलं नाही.

जोशींचा दहीवडा. द्रोणात वडा, त्यावर दही, आणि मग तो द्रोण दह्यासकट हवेत उडवून झेलतात. थेंब सांडत नाही. पण खरी कमाल त्यानंतरची आहे. पाचही मसाले एकाच चिमटीत घेतात आणि बोटं हलवत एकेक वेगळा सोडतात. आधी पांढरं, मग तपकिरी, मग लाल. मिसळत नाहीत. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं, तरी कळलं नाही. आत्याला हे शंभरदा पाहून झालंय. तरी द्रोण वर गेला तेव्हा तिने मान वर केली.

बाकी? पाव किलोच्या आसपासचा एकेक जलेबा बघून घ्या, चौघांत एक पुरतो. पेटतं पान, धूर सोडणारी बिस्किटं, चीज ओतलेलं काहीबाही, यांच्यापुढे मोबाइल धरून गर्दी उभी असते. त्यांना वळसा घालून पुढे जा. शनिवार-रविवार टाळा. गाडी आत नेऊच नका, राजवाड्याजवळ ठेवून चालत या. सुटे पैसे किंवा यूपीआय, दोन्ही चालतं. सगळं शाकाहारी, आणि दारूचा मागमूस नाही.

परतताना साडेबारा वाजले होते. नवऱ्याने साखर मोजली आणि आकडा मला दाखवला नाही.

तिसरा दिवस, बुधवार

सकाळी कुणी नाश्त्याचं नाव काढलं नाही. पण वहिनींनी बाफल्यांचं पीठ मळायला घेतलं होतं.

बाफला आणि बाटी यांत गल्लत करू नका, इथे रागावतात. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकळायचे, वर तरंगले की काढायचे, मग भाजायचे. पूर्वी शेणाच्या गोवऱ्यांवर, आता वहिनींकडे गॅस तंदूर. भाजून तडकले की हाताने दाबून उघडायचे आणि तुपाच्या पातेल्यात बुडवायचे. वहिनी बाफला दाबताना फुंकर मारत होत्या आणि प्रत्येक भेगेत तूप शिरेपर्यंत सोडत नव्हत्या. बरोबर डाळ, कढी, हिरवी चटणी, शेवटी चुरम्याचा लाडू. मी दोन खाल्ले. दादाने पाच. "ये तो बच्चों का खाना है, भिया," असं तो नवऱ्याला म्हणाला आणि नंतर सोफ्यावर तीन तास दिसलाच नाही.

घरी करणारं कुणी नसेल तर सराफ्यातच राजहंसला दुपारी दाल-बाफले मिळतात. त्यानंतर कुठलंही काम ठेवू नका.

संध्याकाळी भाच्याचा आग्रह. मला म्हणाला, "आत्या, तुम्ही काय फक्त म्हाताऱ्यांचं इंदूर बघून राहिलात?" म्हणून विजयनगरच्या एका गच्चीवरच्या बारमध्ये गेलो. नाव देत नाही. नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की अलीराजपूरकडचे आदिवासी बचतगट मोहाची दारू बनवतात आणि सरकारने तिला हेरिटेज म्हणून परवाना दिलाय. ती चाखायची होती. वेटरने दोनदा 'मोहा' ऐकलं, मग मोहितो आणला. पुदिना घातलेला. भाचा हसून लोळायचा राहिला होता. माणसं आपुलकीची होती, संगीत मात्र इतकं मोठं की आम्ही एकमेकांना मेसेज करत होतो. बिलात आम्ही न मागवलेली एक प्लेट होती, ती सांगितल्यावर काढली.

भाच्याने माहिती दिली ती उपयोगाची: दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायचे जे अहाते असायचे, ते मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2023 पासून बंद झाले. त्यामुळे बसायचं तर परवान्याच्या हॉटेलात किंवा बारमध्येच. आणि इंदुरातून पुढे उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरला जाणार असाल तर तिथे 2025 च्या एप्रिलपासून दारूविक्रीच बंद आहे. एक गोष्ट मात्र मानली. मसाला पापडावर त्यांनीही जीरावन टाकला होता.

घरी आलो. आत्या जागी. "पोट भरलं का नाही? गराडू आहेत उरलेले."

चौथा दिवस, गुरुवार

शेवेचा दिवस. इंदुरात नमकीनच्या दुकानात शिरायचं म्हणजे साडीच्या दुकानात शिरण्यासारखं. काउंटरवरचा मुलगा हातावर थोडी थोडी ठेवत जातो: लवंगेची, रतलामी, लसणाची, पालकाची, बारीक, मध्यम, जाड. चव बघून झाल्याशिवाय घ्या असं म्हणतच नाही. मी एक किलो घ्यायला गेले आणि चार घेऊन आले, वर खट्टा-मीठा मिक्स्चर. एक शिकलेलं सांगते: प्रवासाला न्यायचं म्हटलं की ते दुहेरी पाकीट करून देतात, पण मागावं लागतं. मी मागितलं नाही. रतलामीतली लवंग-मिरी अजून माझ्या स्वेटरला येते.

जीरावन मात्र आत्याने विकतचा घेऊ दिला नाही. तिने घरचा, गेल्या आठवड्यात बसल्या बसल्या भाजून-कुटून केलेला, हॉर्लिक्सच्या जुन्या काचेच्या बाटलीत भरून दिला. झाकणाखाली प्लास्टिक, वर रबर. निघताना पाया पडले तर म्हणाली, "पोहे वाफेवर कर. परतू नकोस. आणि आधी नको सांगू कुणाला."

संध्याकाळची गाडी. डब्यात वहिनींनी दिलेल्या पुऱ्या आणि बटाटा. नवऱ्याने त्यावर जीरावन टाकला.

शनिवारी सकाळी बोरिवलीत, मोदकपात्रात पाणी ठेवून, चाळणीत पोहे वाफवले. बडीशेपेची फोडणी, साखर, वर रतलामी शेव, कांदा, आत्याच्या बाटलीतली चिमूट. आधी सांगितलं नाही कुणाला. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, चमच्याने जरा इकडे तिकडे चाचपून बघितलं.

"दाणे संपलेत का गं घरातले?"